गॅस्केटची सरळ बाजू

माणसानं व्याह्याशी किती गोड बोलावं, याला काही माप असतं. ते माप युजीन परेराला ठाऊक नव्हतं, म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं.

ठाण्यात कोलबाडला चारी बाजूंनी टॉवर उठले तरी ज्या थोड्या घरांनी आपलं अंगण सोडलं नाही, त्यांतलं एक युजीनचं. त्या अंगणात आंब्याखाली एक लाल गाडी उभी असे. उभी असे म्हणजे उभीच असे. इटलीची, जुनी, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि सीटा फक्त दोन. युजीन वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात फिटर होता, तिथं मशिनं बसवायला आलेला एक इटालियन साहेब घरी परतताना ती मागे ठेवून गेला. कारखान्यात कुणालाच नको होती, म्हणून ती युजीनच्या गळ्यात पडली. गाडीची गंमत अशी की पुढचं झाकण उघडलं की आत डिकी निघायची. इंजिन सीटांच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे, अगदी पोटात. पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस पुढून आत डोकावायचा आणि म्हणायचा, "अंकल, तुमचं इंजिन चोरीला गेलं!" युजीन दर वेळी हसायचा. असा विनोद इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकूनही जो हसतो, तो माणूस मुळात गरीबच म्हणायचा.

फियोना लहान असताना त्या गाडीत बसून पेज खायची. एकदा तोंडातला घास गिळून तिनं जाहीर केलं होतं, "पप्पा, लग्नाला मी हिच्यातनंच चर्चला जाणार. मी आणि तू. मम्मी रिक्षानं येईल."

युजीनच्या काळजात ते वाक्य तेव्हापासून रुतून बसलं. मम्मी, म्हणजे विनिफ्रेड, तीही ते वाक्य विसरली नव्हती, पण वेगळ्या कारणानं.

आता फियोनाचं लग्न खरंच ठरलं होतं. मुलगा कोपरचा, प्रीतम निकम, तिच्याच ऑफिसातला. आधी चर्च, मग डोंबिवलीला हॉल, असं दोन्ही घरांनी समजुतीनं जमवलेलं. सगळं जमलं होतं, गाडीच तेवढी चालत नव्हती. तिचा इनटेक मॅनिफोल्ड तडकलेला. मॅनिफोल्ड म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल आणि हवा इंजिनाच्या तोंडी नेऊन भरवणारा नळ्यांचा जोड. तो तडकला की इंजिनाला घासच मिळत नाही. मूळ कंपनीचा मिळणं शक्यच नव्हतं. युजीननं परदेशातल्या कुठल्याशा वर्कशॉपनं बनवलेला एक बाहेरचा मॅनिफोल्ड मागवला. अॅल्युमिनियमचा, चकचकीत, दोन कार्बोरेटर बसणारा, आणि इतका उंच की त्याच्यावर इंजिनाचं झाकण लागेना. नाकापेक्षा मोती जड. युजीन मात्र तो खोका उघडून अर्धा तास नुसता बघत बसला होता.

"बघून झालं?" विनिफ्रेडनं विचारलं. "आता ऐक. शुक्रवारी सकाळी मांडववाले येणार. मांडव अंगणात पडणार, आणि अंगणात ही बया पसरलीय. तोपर्यंत ती स्वतःच्या चाकांवर बाहेर गेली तर ठीक. नायतर मी दिवा गावच्या संदेशला सांगून ठेवलंय."

संदेश भंगारवाला होता. त्याचा टेम्पो आला म्हणजे काय, हे युजीनला समजावून सांगायची गरज नव्हती.

तरीही काही बिघडलं नसतं. युजीन हातानं पक्का होता, चार दिवस हातात होते. पण सोमवारी सकाळी हॉलच्या जेवणाचं बोलायला म्हणून प्रीतमचे वडील, दौलतराव निकम, स्कूटरवरून आले. माणूस मूळचा साताऱ्याकडचा, जन्म एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलेला, आता रिटायर. माणकोलीचा पूल झाल्यापासून कोपर ते ठाणं म्हणजे त्यांना घरातल्या घरात वाटायचं. जेवणाचं बोलणं राहिलं बाजूला. गाडी बघितली आणि दौलतरावांनी शर्टाच्या बाह्याच वर केल्या.

"पाव्हणं, हे आपण दोघं मिळून बसवू. एसटीत आयुष्य काढलं ते काय माशा मारायला?"

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. युजीनच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात त्याच्या बापानं आपल्या व्याह्याला चारचौघांत सांगितलं होतं, की तुमच्या सुटाची मागची शिवण उसवलीय. चांगल्या मनानं सांगितलं होतं. शिवण खरोखरच उसवली होती. पण त्या बिचाऱ्या बहिणीला सासरी पुढे कितीतरी वर्षं त्या शिवणीवरून टोमणे खावे लागले. ती माहेरी येऊन रडायची आणि युजीन, तेव्हा हाफ पॅंटमधला, दाराआडून बघायचा. त्यात आदल्याच रात्री फियोनानं बजावलं होतं, "पप्पा, प्लीज हां, प्रीतमच्या पप्पांना काय उलटं बोलू नको. जाम सेन्सिटिव्ह आहेत. पटकन मनाला लावून घेतात."

म्हणून युजीननं मनाशी ठरवलं, काय वाटेल ते होवो, या माणसाला आपण चूक म्हणायचं नाही. आपला शब्द, आणि पोरीचा जन्मभराचा जाच. एवढं एक पथ्य त्यानं धरलं, आणि धरलं ते असं घट्ट धरलं की सगळ्यांचा जीव घेतला.

"पहिला मान तुमचा, दौलतराव," तो म्हणाला.

"छे छे, गाडी तुमची."

"पण वराचे वडील तुम्ही."

"आवो, पण हत्यारं तुमची."

या आग्रहातच चहा गार झाला. शेवटी गॅस्केट लावायचा मान दौलतरावांनी स्वीकारला. गॅस्केट म्हणजे इंजिन आणि मॅनिफोल्ड यांच्या मधे बसणारा पातळ पत्रा, हवा कुठून फटीतून घुसू नये म्हणून. त्याला चार भोकं असतात, ती इंजिनाच्या चार भोकांवर तंतोतंत बसली पाहिजेत. दौलतरावांनी गॅस्केट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, त्यावर छापलेली अक्षरं शोधली आणि अक्षरं आपल्याकडे येतील असं ते बसवून टाकलं. एसटीच्या बसला तसंच बसतं. आणि या गाडीला तसं बसवलं की ते उलटं बसतं.

युजीनला दिसलं. चारही भोकं अर्धीअर्धी झाकली गेली होती. त्यानं तोंड उघडलं. डोळ्यांसमोर त्या सुटाची शिवण आली.

"वा!" तो म्हणाला.

मग नट आवळायची वेळ आली. वरचे नट वरून आवळता येत होते, पण खालच्या नटांसाठी कुणीतरी गाडीखाली उताणं झोपून, काही दिसत नसताना, नुसतं चाचपून पाना लावायचा होता. इंजिन पोटात असलेल्या गाडीची हीच तऱ्हा. वराच्या बापाला मातीत कसं लोळवायचं, म्हणून युजीन स्वतः गोणपाट टाकून खाली शिरला. डावीकडच्या टोकाचा नट त्यानं पक्का आवळला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. आयुष्यभर तो मशिनांवर काम करत आला होता आणि सगळी कामं डावीकडून उजवीकडेच करायचा, पेपरसुद्धा तसाच वाचायचा. वरून दौलतराव फटीतून बघत होते. कुणी पापलेट काट्यांसकट खाताना बघावं तसा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी घसा खाकरला.

"हात काय बसलाय तुमचा, पाव्हणं!" ते म्हणाले आणि त्यांनी मान दुसरीकडे फिरवली.

गाडीला किल्ली मारली. इंजिन खोकलं, गुदमरलं, आणि गप्प झालं.

"नवीन आहे, लाजतंय," दौलतराव म्हणाले.

"हो, सवय नाही अजून," युजीन म्हणाला.

दोन म्हातारे, उभा जन्म मशिनांत गेलेला, आणि अॅल्युमिनियम लाजतं म्हणून एकमेकांना सांगत होते. विनिफ्रेड ओसरीत वाटाणे सोलत होती.

संध्याकाळी दौलतराव कोपरला गेल्यावर युजीननं लगेच पाना उचलला. मॅनिफोल्ड सोडवला, गॅस्केट सरळ केलं, पुन्हा सगळं बसवलं. एकट्यानं करायचं म्हणजे चार वेळा खाली आणि चार वेळा वर. बोटांची सालं गेली. पण मन हलकं झालं. गाडी त्यानं मुद्दाम चालू करून बघितली नाही. उद्या व्याह्यांच्या हातूनच चालू होऊ दे, त्यांनाच बरं वाटेल, असा त्याचा मोठेपणा.

मंगळवारी सकाळी तो नोव्हेनाला गेला. लेकीच्या लग्नासाठी नऊ दिवसांची प्रार्थना बोललेली, ती चुकवून चालणार नव्हती. परत आला तर दौलतराव अंगणात हजर, हात स्वच्छ धुतलेले, बशीत चहा.

"घ्या, मारा किल्ली," युजीन आनंदानं म्हणाला.

दौलतरावांनीही मोठ्या आनंदानं किल्ली मारली. इंजिन खोकलं, गुदमरलं, आणि गप्प झालं.

दोघांची तोंडं एकदमच उतरली. युजीनला कळेना. गॅस्केट तर सरळ केलं होतं. दिवसभर त्यांनी स्पार्क प्लग पुसले, पेट्रोलचा पाइप फुंकला, बॅटरीला दोष दिला. त्या बिचाऱ्या बॅटरीनं कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. संध्याकाळी युजीननं मॅनिफोल्ड पुन्हा उघडला आणि मटकन गोणपाटावर बसला.

गॅस्केट उलटं होतं.

त्यानं डोळे चोळले. काल आपण सरळ केलं होतं की केल्यासारखं वाटलं होतं? त्यानं ते सरळ केलं आणि या खेपेला फियोनाच्या कपाटातलं लाल नेलपॉलिश आणून वरच्या कोपऱ्यात ठळक ठिपका दिला. ठिपका वर, म्हणजे सरळ. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

बुधवारी नोव्हेना. दौलतराव हजर, चहा बशीत. किल्ली. खोकला. गुदमरणं.

बुधवारी संध्याकाळी ठिपका खाली होता.

युजीन घाबरला, खरंच घाबरला. त्याच्या काकाचं असंच सुरू झालं होतं, काका आधी चष्मा फ्रिजमध्ये ठेवायला लागला आणि शेवटी बायकोला "आपण कोण?" विचारायला लागला. लग्नात मुलीचा हात धरून चर्चमध्ये शिरायचं आणि मधेच आपण कोणाच्या लग्नाला आलोय ते विसरायचं, या विचारानं त्याला घाम फुटला. विनिफ्रेडला सांगितलं तर ती म्हणेल, आधी गाडी भंगारात, मग तू डॉक्टरकडे. त्यानं गुपचूप भिजवलेले बदाम खायला सुरुवात केली. आणि कुणी बघत नाही असं पाहून घरातल्या बाटलीतलं आशीर्वादाचं पाणी इंजिनावर शिंपडलं. वर कार्बोरेटरची तोंडं उघडीच होती, त्यांत पाणी जाऊ नये म्हणून नंतर फडक्यानं टिपूनही घेतलं. श्रद्धा असली तरी फिटर होता तो.

"काय रे, गाडीचं नामकरण करतोस?" खिडकीतून विनिफ्रेड म्हणाली.

"धूळ बसलेली," युजीन म्हणाला.

गुरुवारीही तेच झालं. फरक एवढाच, की त्या दिवशी दौलतरावही बरे दिसत नव्हते. नीट बोलेनात. किल्ली मारून इंजिन गुदमरल्यावर ते बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "पाव्हणं," त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्याकडं कुणी डोक्याचा चांगला डॉक्टर हाय का? आमच्या एका नातेवाइकासाठी विचारतोय." युजीनही तसाच एक डॉक्टर शोधत होता, तोही एका नातेवाइकासाठीच. दोघं एकमेकांकडे बघून कसंनुसं हसले.

संध्याकाळी युजीननं पुन्हा गॅस्केट सरळ केलं. पण आता त्याचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता. तो गाडीच्या डाव्या सीटवर जाऊन बसला, जिथं फियोना पेज खायची. खाली पत्र्यावर कुठंतरी जुना डाग होता, पेजेचा की तेलाचा कोण जाणे. त्याला रडू आलं. इतकी वर्षं तो एकच चित्र बघत आला होता. पांढऱ्या झग्यातली फियोना शेजारी, गाडीत तिसऱ्या माणसाला जागाच नाही, आणि घरापासून चर्चपर्यंत ती अजून आपली. तेवढाच रस्ता. चर्चच्या दारात ती दुसऱ्याची होणारच होती, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण तेवढा रस्ता त्याला हवा होता.

शुक्रवार उजाडला. नोव्हेनाहून येताना गल्लीच्या तोंडाशीच त्याला संदेशचा टेम्पो दिसला. मागून बांबू लादलेला मांडववाल्यांचा हातगाडा. अंगणात संदेश चहा पीत उभा, आणि कसाई बोकडाकडे बघतो तसा गाडीकडे बघत होता. आणि नेहमीप्रमाणे दौलतराव, हात धुतलेले.

"एकदा मारू किल्ली?" दौलतरावांनी मारली. खोकला.

"मग काढू, काकी?" संदेशनं विचारलं.

विनिफ्रेडनं युजीनकडे बघितलं. त्याचा चेहरा बघून तिचं मन जरा हललं असावं. "चहा सावकाश पी," ती संदेशला म्हणाली. "मग काढ."

युजीन गोणपाटावर झोपला आणि गाडीखाली शिरला. दौलतराव वर वाकले. मॅनिफोल्ड निघाला, आणि पुढचं काम घाईत सुरू झालं. संदेशचा ड्रायव्हर गेटात हॉर्न वाजवत होता, मांडववाले बांबू टाकू का म्हणून विचारत होते, विनिफ्रेडचा कुकर शिट्या मारत होता. गाडीखाली युजीनला आकाश दिसत नव्हतं, व्याही दिसत नव्हते. दिसत होत्या त्या फक्त दौलतरावांच्या चपला. त्यानं सवयीनं डावीकडच्या टोकाचा नट धरला आणि आवळायला लागला.

वरून गर्जना झाली.

"अरे गाढवा! कडेपासनं काय आवळतोयस? पत्रा वाकडा होतोय की! मधनं घे, मधनं, आन् मग दोन्हीकडं सरक! बापजन्मात नट बघितला नाहीस का?"

हॉर्न थांबला. संदेशचा कप ओठांशी थांबला. कुकरनंसुद्धा, विनिफ्रेड पुढे शपथेवर सांगायची, शिटी मधेच गिळली.

दौलतरावांच्या चपला दोन पावलं मागे सरकल्या. चाळीस वर्षं ज्या माणसानं गाडीखाली झोपलेल्या कुणाच्याही पायांकडे बघून एकाच भाषेत बोलायची सवय लावून घेतली, तो समोरचे पाय व्याह्याचे आहेत हे विसरला होता. आता त्याला आठवलं होतं. "पाव्हणं..." वरून बारीक, मेलेला आवाज आला. "पाव्हणं, ते मी..."

खाली युजीनच्या मनात पहिल्यांदा आली ती उसवलेली शिवण. मग फियोना. मग पथ्य. आणि मग त्याच्या कानात घुमलं 'गाढवा', आणि चार दिवस तोंड दाबून खाल्लेला बुक्क्यांचा मार एकदम वर आला.

"मी गाढव?" तो गाडीखालून ओरडला. "मी गाढव, आणि गॅस्केट उलटं कोण लावतं? हां? चारी भोकं अर्धी बंद! मेल्या, नाक दाबून तू धावून बघ चर्चपर्यंत! रोज संध्याकाळी मी ते सरळ करतो आणि रोज ते..."

तो थांबला. चपला पुन्हा जवळ आल्या.

"रोज संध्याकाळी तू सरळ करतोस?" दौलतरावांनी विचारलं.

युजीन सरपटत बाहेर आला. तोंडाला ग्रीस, केसांत माती. "म्हणजे रोज सकाळी...?"

"तू चर्चला गेलास की मी येतो. तू नट कडेपासनं आवळलेलं, त्यानं फट राहते. तुला तोंडावर कसं सांगायचं? म्हणून म्हटलं गुपचूप नीट करून ठेवावं. तर रोज बघतोय तर गॅस्केट फिरलेलं! मला वाटलं माझंच डोकं फिरलं! अरे, मी डोक्याचा फोटो काढून घ्यायला निघालेलो!"

"मी बदाम खातोय रे! इंजिनावर पाणी शिंपडलं मी!"

"आन् तो लाल ठिपका?"

"तो मी लावलेला! ठिपका वर म्हणजे सरळ!"

"मला काय म्हाईत? मला वाटलं लाल म्हणजे धोका, ती बाजू खाली!"

"अक्षरं कशाला बघतोस? भोकं बघ ना, भोकं!"

"मग तू मधनं आवळ ना!"

"मग पहिल्या दिवशीच का नाय बोललास?"

"प्रीतमनं बजावलेलं! म्हणला, बाबा, फियोनाचं पप्पा लई हळवं हायेत, काय टाकून बोलू नका!"

"मी हळवा? फियोना म्हणाली तू हळवा!"

दोघंही धापा टाकत एकमेकांसमोर उभे राहिले. पोरांनी दोन्हीकडे सारखीच भीती पेरून ठेवली होती, आणि स्वतः खुशाल ऑफिसात बसली होती. युजीनची नजर हळूहळू ओसरीकडे वळली. सकाळच्या चहाची बशी रोज कुणाच्या हातून आली होती, याचा हिशोब त्याच्या डोक्यात आता कुठे जुळत होता.

"विनी," तो म्हणाला, "तुला म्हाईत होतं?"

"म्हणजे काय," विनिफ्रेड म्हणाली. "सकाळी हे उघडायचे, संध्याकाळी तू उघडायचास. मला वाटलं पुरुषांचा काहीतरी खेळ असेल. शिवाय मला मांडवाला जागा हवी होती." एवढं बोलून ती आत गेली, आणि परत आली ती दोघांसाठी चहा घेऊन. "आता बसवा नीट. संदेश, तू अजून एक कप घे."

मग जे काम झालं ते असं, की गल्लीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. गाडीखालून आणि वरून शिव्यांची नुसती सरबत्ती. "गॅस्केट पकड सरळ, आंधळ्या!" "मधला आवळला का?" "आवळला!" "खरं सांग!" "तुझ्या बापाची शपथ!" "माझ्या बापाला मधे आणू नको, तो तुझ्यापेक्षा चांगलं आवळायचा!" ज्या कामाला चार दिवस लागूनही ते झालं नव्हतं, ते संदेशचा दुसरा कप संपायच्या आत झालं.

युजीननं किल्ली दौलतरावांपुढे धरली. दौलतरावांनी ती त्याच्याच छातीवर आपटली. "नाटकं बास. मार."

इंजिन एकदा खोकलं. मग पाठीमागून, अगदी मानेशी, असा आवाज उठला की आंब्यावरचे कावळे उडाले आणि मांडववाल्यांच्या हातातले बांबू पडले. गाडी अंगणातून गेटाबाहेर गेली, स्वतःच्या चाकांवर. संदेश हळहळत जुना, तडकलेला मॅनिफोल्ड तेवढा टेम्पोत टाकून निघून गेला. दौलतराव आणि युजीन गल्लीत उभे राहून एकमेकांच्या पाठीत इतक्या जोरानं थापा मारत होते, की बघणाऱ्याला मारामारी वाटावी.

लग्नाच्या दिवशी गाडीला माळा घातल्या. इंजिनाचं झाकण काही लागेना, म्हणून ते अर्धवट उघडं ठेवून मांडवाच्या सुतळीनं बांधलं होतं. कुणा हौशी मावशीनं कार्बोरेटरच्या तोंडांवर शेवंतीच्या वेण्याही सोडल्या होत्या, त्या "हवा कुठनं घेईल ती?" म्हणून दौलतरावांनी खसकन ओढून काढल्या. ते वराकडचे असूनही सकाळपासून कोलबाडला होते. वरात तिकडे त्यांची बायको नंदा सांभाळत होती. इथं एखादा नट ढिला पडला तर, म्हणून पान्यांचा डबा घेऊन ते स्कूटरवर गाडीच्या मागून येणार होते. आणि त्यांच्या मागच्या सीटवर, नवी साडी सावरत, डबा मांडीवर घेऊन विनिफ्रेड बसली. रिक्षानं येणार नाही, असं तिनं सगळ्यांना बजावलं होतं.

युजीनच्या शेजारी फियोना पांढऱ्या झग्यात. झगा इतका फुललेला की गिअरची दांडी कुठे गेली तेच कळेना. गाडी तो दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू चालवत होता. रस्ता लवकर संपू नये, एवढंच त्याला कळत होतं. इंजिन बिचारं पाठीमागे केकाटत होतं.

तेवढ्यात मागून, त्या सगळ्या आवाजावर चढलेला आवाज आला.

"अरे ए गाढवा! गिअर बदल की! इंजिनाचा जीव घेतोस का, नालायका!"

फियोनानं दचकून मागे बघितलं. फेटा बांधलेला तिचा होणारा सासरा स्कूटरवरून मूठ उगारत येत होता. तिचा रंग उडाला. "पप्पा," ती म्हणाली, "ते तुला गाढव म्हणतायत."

युजीनच्या डोळ्यांतून आता पाणी वाहायला लागलं. तो हसतही होता.

"ऐकलं गो," तो म्हणाला. "आता मला तुझी काळजी नाय."

आणि झग्याखाली चाचपडत, एकदाची दांडी शोधून, त्यानं गिअर बदलला.